तिसरी फरशी

त्या घराच्या दारातून आत पाऊल टाकलं की भिंतीलगत आठ फरश्यांची एक रांग होती, आणि घराचा सगळा कारभार त्या आठ फरश्यांवर चालायचा. पहिलीवर बाबांचे बूट, दुसरीवर आईच्या चपला, तिसरीवर दादाचे कॅनव्हासचे बूट, चौथीवर धाकटीच्या सँडल. पाचवीपासून पुढं पाहुणे. हा नियम दादानं वयाच्या सहाव्या वर्षी केला होता आणि त्याची अंमलबजावणीही तोच करायचा. टाचा भिंतीकडं, पुढची टोकं दाराकडं. एखादी चप्पल रेघेवर गेली की तो दोन बोटांनी ती सरळ करायचा, दोन पावलं मागं सरायचा आणि ओळंबा लावलेल्या गवंड्यासारखा एक डोळा मिटून बघायचा.

डॉक्टरांनी कागदावर 'ऑटिझम' असं लिहून दिलं तेव्हा दादा सात वर्षांचा होता, आणि तोवर नातेवाइकांचे निकाल लागून गेले होते. मामांच्या मते मुलगा लाजाळू होता. मावशीच्या मते लाडावलेला होता. आत्याचं म्हणणं, तो सगळ्यांत हुशार आहे, फक्त आपल्याला सांगत नाही. बाबांनी कागदाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, चला, निदान आता कुणी विचारलं तर सांगायला एक शब्द झाला. कुणी विचारलं नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. पुढच्या दोन वर्षांत ती घरातली थोरली झाली, आणि या बढतीचं पत्र तिला कुणी दिलं नाही. दुकानात दादाचा हात तिनं धरायचा, मिक्सर सुरू करण्याआधी "आता आवाज होणार" असं तिनं ओरडायचं, शाळेत त्याच्या डब्यातली पोळी कुणी पळवली तर भांडायला तिनं जायचं. ती भांडून, केस विस्कटून परत यायची तेव्हा दादा पोळीशिवायचा डबा शांतपणे धूत असायचा. आभार वगैरे भानगड नव्हती.

दादा माणसांना नावानं हाक मारत नसे. बाबा 'एक', आई 'दोन', धाकटी 'चार'. बाकीचे सगळे, म्हणजे मामा, डॉक्टर, नळ दुरुस्त करणारा, हे 'पाहुणे'. आईनं वर्षभर घोकून घेतल्यामुळं पाहुणा आला की दादा पेलाभर पाणी आणून द्यायचा आणि तो पिईपर्यंत समोर उभा राहायचा. लोक घाईघाईनं पिऊन टाकत.

दादा एकच खेळ खेळायचा, लपाछपी, आणि त्यातही त्याची एकच बाजू ठरलेली होती. लपायचं धाकटीनं, शोधायचं त्यानं. शोधायला निघण्याआधी तो दाराशी जाऊन चौथी फरशी बघायचा. सँडल आहेत म्हणजे धाकटी घरात आहे, एवढं पक्कं झालं की मग तो कामाला लागायचा. पलंगाखाली, पडद्यामागं, कपड्यांच्या टोपलीत. सापडली की तिच्या डोक्यावर एक बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "सापडली." त्यात जिंकल्याचा आनंद नसायचा. टपाल खात्यातला माणूस पत्ता वाचतो तसं तो म्हणायचा.

नऊ वर्षांची असताना एकदा तिनं लबाडी केली. सँडल फरशीवर ठेवल्या आणि अनवाणी पायांनी खालच्या मजल्यावर शिवणकाकूंकडं जाऊन बसली. शिवणकाकू म्हणजे खाली कपडे शिवणाऱ्या बाई. त्यांच्याकडं चिंध्यांचा ढीग होता आणि विचारपूस करायची सवय नव्हती. तिला वाटलं, दहा मिनिटांत दादा रडेल, हाका मारेल, निदान आईला विचारेल. तो कुणालाही काही न विचारता दुपारपासून संध्याकाळपर्यंत शोधत राहिला. गाद्या उलटल्या. पिठाच्या डब्यात बघितलं. शेवटी तर चहाच्या किटलीचं झाकण उघडून आत डोकावला, आणि किटलीत बहीण नाही याची खात्री करून झाकण नीट लावलं. ती वर आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून पिठाचा डबा दुसऱ्यांदा उपसत होता. बाबा तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याला हरव. पण फसवू नकोस. त्याला फसवणं सोपं आहे, म्हणून."

खेळ तिथं संपला तो संपलाच. पण त्या दुपारचा किडा तिच्या डोक्यातून गेला नाही: मी नसले तर दादाला कळतं का? फरशीला कळतं, हे सिद्ध झालं होतं. प्रश्न दादाचा होता. बाराव्या वर्षी ती शाळेबरोबर आठ दिवस शिबिराला गेली. परत आली तेव्हा दादानं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मीठ." तिनं मीठ दिलं. पंधराव्या वर्षी तिला पंधरा दिवस गोवर झाला, वेगळ्या खोलीत ठेवलं; तो रोज दाराबाहेरून जायचा, आणि त्याची पावलं कधी थबकली नाहीत. मैत्रिणी भावांच्या तक्रारी सांगायच्या, की सारखा मागं लागतो, चिडवतो, जीव नकोसा करतो. ऐकता ऐकता धाकटीच्या तोंडाला पाणी सुटायचं.

बाबा आजारी पडले ते अकरा महिने. शेवटचे दोन महिने ते दवाखान्यातच होते, आणि जाताना बूट घालून गेले होते, त्यामुळं पहिली फरशी रिकामी होती. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणालाही दादानं तिथं चपला ठेवू दिल्या नाहीत. मग बाबा गेले. घर चार दिवस माणसांनी भरलं आणि पाचव्या दिवशी रिकामं झालं. दादा दाराशी गेला. आईच्या चपला त्यानं पहिल्या फरशीवर ठेवल्या, स्वतःचे बूट दुसऱ्या, धाकटीच्या सँडल तिसऱ्या; चौथीपासून पुढं आता पाहुणे. दोन पावलं मागं सरला, एक डोळा मिटून बघितलं. मग धाकटीकडं बोट करून म्हणाला, "तीन." आई ते बघत उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्यानंतर वर्षभरात धाकटीला नोकरी लागली, एका रात्रीच्या प्रवासाएवढ्या लांब. खुर्च्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. दिवसाला एकशे ऐंशी खुर्च्यांवर बसायचं. प्रत्येकीवर पुढं झुकायचं, मागं रेलायचं, डावीकडं कलायचं, उजवीकडं कलायचं, आणि ऐकायचं. करकरली तर लाल चिठ्ठी, गप्प राहिली तर हिरवी. मावशी म्हणाली, बसून खाणं म्हणतात ते हेच. धाकटी आपल्या खोलीवर उभ्यानं जेवायची.

दर रविवारी ती घरी फोन करायची. आई म्हणायची, दादा मजेत आहे. धाकटी म्हणायची, त्याला दे. आई फोन त्याच्या हातात द्यायची, तो तिचा आवाज ऐकायचा, दोन-तीन श्वास घ्यायचा, फोन टेबलावर ठेवायचा आणि निघून जायचा. आईला हे लगेच कळायचं नाही. त्यामुळं धाकटी दर रविवारी साधारण चार मिनिटं टेबलाशी बोलायची. टेबलाला तिच्या आयुष्यातलं बरंच माहीत झालं होतं.

आपली फरशी कधीच दुसऱ्या कुणाला गेली असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. दर तीन महिन्यांनी ती घरी जायची तेव्हा तिसरी फरशी रिकामी असायची खरी, पण ते आईचं काम असणार; पाहुण्यासाठी उशीचा अभ्रा बदलतात तसं. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

अशी चार वर्षं गेली. मग एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. कारखान्याची नवी शाखा निघत होती, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तिथला तपासणी विभाग त्यांना तिच्या हाती द्यायचा होता. साहेब म्हणाले, तुमच्याइतकं मन लावून कुणी बसत नाही. तिथं घरी जायला वर्षातून एकदाच रजा मिळेल, हेही त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणाले. तिनं मनात दोन रकाने केले. 'जावं' या रकान्यात बऱ्याच गोष्टी होत्या. 'जाऊ नये' या रकान्यात एकच होती, आणि ती खरी आहे की नाही तेच तिला चोवीस वर्षांत कळलं नव्हतं. मी नाही, हे ज्याच्या लक्षातच येत नाही, त्याच्यासाठी थांबायचं तरी कशाला?

बुधवारी आईचा फोन आला. रविवार नसताना.

"तो शोधतोय," आई म्हणाली.

"काय?"

"ते कळलं असतं तर मीच नसतं का काढून दिलं?"

तीन आठवडे चाललं होतं म्हणे. सकाळी उठला की दादा कपाटं उघडायचा, पलंगाखाली जायचा, गाद्या उलटायचा. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये डोकं घालून बसायचा. जेवण अर्ध्यावर टाकून पुन्हा उठायचा. एकदा शेजारच्या मास्तरांच्या घरात शिरून ते झोपलेले असताना त्यांच्या पलंगाखाली जाऊन आला; मास्तर जागे झाले तेव्हा उशाशी त्यांचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा होता. मास्तर खूश होते. बाकी कुणी नव्हतं. दादाचं वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही बदललंय का? आईनं ठामपणे सांगितलं की काही नाही. उलट आता कुठं घरात जरा शांतता झाली होती.

धाकटीनं रजा टाकली आणि शुक्रवारी दुपारी घरी पोचली.

दार उघडंच होतं. बूट काढताना तिनं सवयीनं तिसरी फरशी बघितली, आणि तिथं तिच्याच सँडल होत्या. तपकिरी, बक्कलवाल्या, कॉलेजात असतानाच्या. गेली कित्येक वर्षं त्या माळ्यावर होत्या.

"या इथं कशाला?" तिनं विचारलं.

"रिकामी जागा बरी दिसत नव्हती," आई म्हणाली आणि प्रवास कसा झाला ते विचारू लागली. तिसऱ्या फरशीवर जागा नव्हती. म्हणून धाकटीनं बूट चौथ्या फरशीवर ठेवले.

आत घराची चोरी झाल्यासारखी अवस्था होती. सगळी कपाटं सताड उघडी, खुर्च्या आडव्या. दादा पिठाच्या डब्यातून वर आला. कोपरापर्यंत पांढरा, डोळ्यांखाली काळं, सदरा खांद्यावरून घसरलेला. त्यानं धाकटीकडं बघितलं. मग दाराशी गेला, फरश्या बघितल्या, परत आला. पुन्हा तिच्याकडं बघितलं, पुन्हा फरश्या बघून आला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्याचं काहीतरी ठरलं. तो आत गेला, पाण्याचा पेला घेऊन आला आणि तिच्यासमोर धरला.

"पाहुणे," तो म्हणाला.

ती पाणी प्यायली. तो समोर उभा राहिला. तिला इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. पेला रिकामा झाल्यावर त्यानं तो घेतला, आणि तिच्या गुडघ्यावर एक टिचकी मारून पाय वर घे अशी खूण केली. तिनं पाय वर घेतले. त्यानं वाकून खुर्चीखाली बघितलं. तिथं काही नव्हतं. तो पुढच्या खोलीत गेला.

आई पदरानं डोळे पुसत म्हणाली की थकलाय, म्हणून ओळखलं नसेल. धाकटी म्हणाली, हो. चार वर्षांत फरशी गेली नव्हती. तीच गेली होती. सोमवारचा 'हो' तिच्या तोंडात तयार होऊन बसला.

मग दादा स्वयंपाकघरात आला, ओट्यावरची चहाची किटली उचलली, झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण नीट लावून ठेवलं.

 किटलीत त्यानं आजवर एकच गोष्ट शोधली होती. पण ती गोष्ट या क्षणी त्याच्यापासून चार हातांवर, खुर्चीत, पाय वर घेऊन बसली होती.

तेवढ्यात खालून शिवणकाकूंची हाक आली. आलीस वाटतं? मग मामांचा बूट घेऊन जा, तीन आठवडे झाले, माझ्या पेटीला वास मारायला लागलाय. धाकटीनं आईकडं बघितलं. आई गॅसकडं बघत होती. गॅस बंद होता.

ती जिना उतरून गेली. काकू मशीनवर होत्या. त्यांच्या पायाशी एक पुठ्ठ्याची पेटी होती, आणि पेटीत काळा, डाव्या पायाचा एक बूट. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावली होती, कपड्यांना लावतात तशी: 'मामा, मंगळवार'.

"हे काय?"

"तुला माहीत नाही?" काकूंनी मशीन थांबवलं. "चार वर्षं पडतायत की. आधी मला वाटलं, तुमच्याकडं भांडणं होतात. मग लक्षात आलं, नेहमी डावाच पडतो. भांडणात माणूस इतकं बघत नाही."

त्यांनी भिंतीवरची तार दाखवली. ज्या तारेत गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ओवलेल्या असतात, तिच्या शेजारी दुसरी एक तार होती. विमावाला, गुरुवार. डॉक्टर. आत्याची नवी चप्पल, बक्कल तुटलं. नळवाला. नळवाला पुन्हा. मावशी. नळवाला, आता शहाणा झाला, हातात घेऊन जातो. अशा सदतीस चिठ्ठ्या होत्या.

"कोण टाकतं?" धाकटीनं विचारलं, जणू घरात संशयित पुष्कळ होते.

"तुझ्या फरशीवर ठेवले की टाकतो. दुसऱ्या कुठल्या फरशीवर ठेवा, तो नीट जोडीनं उचलून पाहुण्यांत नेऊन ठेवतो. तुझ्या आईच्या जागेवरसुद्धा. तुझ्या जागेवर ठेवले की सरळ खिडकी." काकूंनी दोरा तोडला. "एकच टाकतो. दुसरा बूट माणूस आपण होऊन उचलतो, त्याला सांगावं लागत नाही. हुशार आहे तो, तुझी आत्या म्हणते ते खोटं नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुझी आई म्हणाली, तिला कळलं तर नोकरी सोडून येऊन बसेल." काकूंनी सुईत दोरा ओवला. "बसायचीच नोकरी आहे ना तुझी? मी म्हटलं, मग काय बिघडतं. पण नाही म्हणाली. मामांचा बूट डबक्यात पडला, मामा फार बोलून गेले, तेव्हा मग तुझ्या जुन्या सँडल काढल्या माळ्यावरून. त्या ठेवल्यापासून एकही आलेला नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

धाकटीनं मामांचा बूट उचलला. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती थंडगार लागली, आणि तिनं खाली बघितलं. ती अनवाणी होती. एकच मजला उतरायचा म्हणून पायात काही घातलंच नव्हतं. ती अनवाणी शिवणकाकूंकडं, आणि वर फरशीवर तिच्या सँडल.

पंधरा वर्षांपूर्वी ती हेच करून चुकली होती, एका दुपारपुरतं. आईनं ते तीन आठवडे केलं होतं, मनानं चांगलं योजून. सँडल आहेत म्हणजे धाकटी घरात आहे. घरात आहे आणि दिसत नाही, म्हणजे लपली आहे. लपली आहे म्हणजे सापडायला हवी. समोर येऊन बसलेल्या बाईचा चेहरा तिच्यासारखा होता, पण बूट चौथ्या फरशीवर होते, आणि चेहऱ्यांनी दादाला आयुष्यभर गोंधळात टाकलं होतं. फरश्यांनी कधी नाही.

ती वर गेली. दादा बैठकीतला गालिचा गुंडाळत होता. तिनं दाराशी उभं राहून त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "दादा, बघ." तो आला. तिनं तिसऱ्या फरशीवरच्या सँडल उचलल्या, त्याला दाखवल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवीची चेन ओढली. मग चौथ्या फरशीवरचे आपले बूट उचलून तिसरीवर ठेवले. टाचा भिंतीकडं. डावा जरा रेघेवर गेला. तो तिनं दोन बोटांनी सरळ केला.

दादानं दोन पावलं मागं सरून, एक डोळा मिटून बघितलं. फार वेळ बघितलं. स्वयंपाकघरात आई श्वास रोखून उभी होती, असं नंतर तिनंच सांगितलं. मग दादा वळला, धाकटीजवळ आला, आणि पिठानं माखलेलं एक बोट तिच्या डोक्यावर टेकवलं.

"सापडली," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं घरातली कपाटं एकेक करून बंद केली. कपडे, भांडी, औषधं, माळा, मशीन. प्रत्येक दार लागल्याचा आवाज येत होता, आणि धाकटी दाराशी खाली बसून ते आवाज ऐकत होती. तिला आवाज ऐकायची सवय होती. एकही करकरला नाही. शेवटचं दार लागल्यावर दादा पलंगावर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उठला नाही.

शनिवारी आई म्हणाली, "जायचं तर जा. माझ्याकडं बघू नकोस."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर?"

"नोकरी सोडून आले असते."

"मग? बरोबरच ओळखलं होतं की मी." आईनं कणकेचा गोळा दुसऱ्या बाजूनं मळायला घेतला. "तुझे बाबा दोन महिने आले नाहीत तरी त्यानं ती जागा कुणाला दिली नाही. गेल्यावर दिली. त्याला सांगावं लागलं नाही. मी आपली वेडी. रिकामी जागा बघवत नव्हती मलाच, आणि भरली त्याच्यासाठी म्हणून."

दुपारी धाकटी दादाशेजारी जाऊन बसली. तो चमचे लावत होता. तिनं सांगितलं की ती फार लांब जाणार आहे, आणि आता वर्षानं येईल. चमच्यांचा आवाज थांबला.

"बूट?" दादा म्हणाला.

"घालून जाणार."

"सँडल?"

"त्या पण नेणार. पिशवीत. इथं काही ठेवणार नाही."

दादानं विचार केला. मग पुढचा चमचा उचलला. आणखी काही येईल म्हणून ती चमचे संपेपर्यंत बसून राहिली. काट्यांचा खण सुरू झाला तेव्हा उठली.

रविवारी संध्याकाळी ती निघाली. बूट घातले. दादानं पिशवीची चेन उघडून आतल्या सँडल मोजल्या, दोन भरल्या, चेन लावली. आई रडत होती, काकू जिन्यात उभ्या होत्या. धाकटीला वाटत होतं, आता म्हणेल. 'तीन' म्हणाला तरी चालेल. 'मीठ' म्हणाला तरी चालेल. दादा ओलं फडकं घेऊन आला, गुडघ्यांवर बसला आणि तिसरी फरशी पुसू लागला. चारही कोपरे. बुटांचा एक मातकट ठसा राहिला होता, तो नखानं खरवडून काढला. फरशी लख्ख झाल्यावर उठला आणि तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

सोमवारी तिनं साहेबांना हो म्हणून कळवलं.

नव्या गावात तिला दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. दारातून आत आलं की भिंतीलगत सहाच फरश्या होत्या. तिनं आपले बूट तिसरीवर ठेवले. पहिल्या दोन, आईची आणि दादाची, रिकाम्या ठेवल्या. बाकी सामान लावायला तिला पुढं महिना लागला.

एका रविवारी तिनं फोन केला. आई आता सगळं सांगायची. चार वर्षांचं साठलं होतं. दादाचं वजन परत आलं होतं. नळवाल्याचा नवा मदतनीस आला होता, त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, काकूंना पेटी पुन्हा काढावी लागली. मग आईनं फोन दादाकडं दिला. एक श्वास, दोन श्वास, मग टेबलावर ठेवल्याचा आवाज.

आई फोन उचलून म्हणाली, "ठेवून गेला बघ. नेहमीसारखा बघायला गेला."

"काय बघायला?"

"फरशी. तुझा आवाज आला की जातो. बूट आलेत का बघतो आणि मग तिथंच उभा राहतो थोडा वेळ. मला वाटलं, तुला माहीत आहे."

धाकटीनं फोन परत टेबलावर ठेवायला सांगितलं. मग टेबलाशी बोलू लागली. इथल्या खुर्च्या जास्त करकरतात, लाकूड ओलं असावं. खिडकीतून एक भिंत दिसते. बूट अजून इथंच आहेत, घातलेले नाहीत, तू बघतोयस ते बरोबर आहे. टेबल ऐकत होतं. पलीकडं, त्या टेबलापासून अकरा पावलांवर, कुणीतरी एक डोळा मिटून उभं होतं.

तेवढ्यात घरमालक पाण्याचा मीटर बघायला आले. भले गृहस्थ होते. चपला बाहेर चोरीला जातील म्हणून आत काढल्या, आणि सोईची म्हणून दुसऱ्या फरशीवर ठेवल्या. मग मीटरकडं गेले.

धाकटीनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. त्या चपलांकडं तिनं जरा वेळ बघितलं. मग वाकून त्यांतली डावी उचलली आणि दुसऱ्या हातानं खिडकीची खिट्टी काढली. खाली शिवणकाकू नव्हत्या, पेटी नव्हती. आणायला आपल्यालाच उतरावं लागणार, तेही अनवाणी, हे तिला माहीत होतं.